जळालेले बोर्ड: घरी उघडावे की कारागिराकडे न्यावे?



मागच्या अंकातल्या हिशेबात ‘इन्व्हर्टर दुरुस्ती १,८५० रु., प्रवास ३२० रु.’ अशी एक ओळ होती. ती वाचून दोन पत्रे आली. एका बंधूंनी विचारले, की हल्ली मोबाइलवर सगळे शिकता येते, तुमची मुलेही हुशार आहेत, मग हे काम घरीच का केले नाही? एका भगिनींचे म्हणणे नेमके उलटे होते. जुन्यावर दोन हजार घालण्यापेक्षा थोडी भर घालून नवा का घेतला नाही? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पैसा तुमच्या कष्टाचा आहे आणि विचारण्याचा हक्कही तुमचा आहे. पण खरी गोष्ट हिशेबाच्या त्या ओळीत मावली नव्हती. त्या १,८५० रुपयांपैकी निम्म्याहून जास्त रक्कम मी स्वतः दुरुस्ती करायला बसले म्हणून गेली. म्हणून हा लेख थोडा कबुलीचा आणि बराचसा माहितीचा आहे.

आमचे वसतिगृह धडगाव तालुक्यात, सातपुड्याच्या कुशीत आहे. वीज आहे, पण पावसाळ्यात तारांवर झाड पडले की दोन-तीन दिवस अंधार ठरलेला, आणि इतर दिवसांत नेमकी अभ्यासाच्या वेळी ती जाते. म्हणून ८५० व्हीएचा एक इन्व्हर्टर आणि १२ व्होल्टची, १५० अँपिअर-तासांची एक मोठी बॅटरी आहे. त्यावर दोन अभ्यासिका आणि स्वयंपाकघर चालते. याशिवाय आसपासच्या पाड्यांवर आपण वेळोवेळी दिलेले सौर दिवे आहेत. यातले काहीही बिघडले तर शहाद्याला जायचे म्हणजे घाट उतरून दोन-अडीच तास, तेवढेच परत, आणि दिवस गेला. कंपनीचा माणूस इतक्या लांब एका दिव्यासाठी येत नाही. त्यामुळे दहा वर्षांपूर्वी मी हातात स्क्रूड्रायव्हर घेतला तो हौसेने नव्हे. माझे शिक्षण समाजकार्याचे आणि ईश्वरविज्ञानाच्या पदविकेचे. ओहमचा नियम त्यात कुठेच नव्हता. जे आले ते दिवे उघडून आले.

आधी जे घरी खरोखर जमते ते सांगते, कारण ते पुष्कळ आहे. गेल्या पावसाळ्यानंतर पाड्यांवरून २६ सौर दिवे बंद पडून परत आले. त्यातले १९ आम्ही आमच्याच टेबलावर चालू केले. सर्किट बोर्डचा बिघाड म्हटले की लोकांना वाटते आत काहीतरी गूढ झाले असेल. बहुतेक वेळा तसे काही नसते. बटणाची किंवा चार्जिंग पिनची वायर तुटलेली असते. आत ओल जाऊन तांब्याच्या रेघांवर हिरवट बुरशीसारखा थर चढलेला असतो. जुना टूथब्रश आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन तो साफ केला की निम्मे दिवे लागतात. आत मुंग्यांनी घर केलेले असते. आणि सर्वांत जास्त वेळा डाख सुटलेला असतो. बोर्डावर भाग चिकटवायला शिशाचा जो डाख देतात, तो दिवा खाली पडून किंवा पिन सतत ओढली जाऊन भेगाळतो. भिंगातून पाहिले की पायाभोवती केसासारखी गोल चीर दिसते. सोल्डरिंग गन तापवून त्याच जागी थोडे रोझिन आणि ताजा डाख दिला की काम झाले. शिसे आणि कथील यांचा नेहमीचा डाख १८३ अंशांच्या आसपास वितळतो. नव्या उपकरणांतल्या शिसेविरहित डाखाला २२० अंशांच्या जवळ न्यावे लागते, म्हणून तो हट्टी वाटतो आणि नवशिका माणूस गन जास्त वेळ टेकवून खालची तांब्याची पट्टीच उखडतो. माझ्याकडून तीन बोर्ड असे गेले.

दुसरा नेहमीचा आजारी म्हणजे कपॅसिटर. उभ्या डबीसारखा दिसतो, डोक्यावर फुलीसारखी खाच असते. आत ओलसर रसायन असते आणि उष्णतेने ते सुकते. ढोबळ नियम असा, की तापमान दहा अंशांनी वाढले की त्याचे आयुष्य निम्म्यावर येते. पत्र्याच्या छपराखाली ठेवलेले उपकरण लवकर का मरते, त्याचे हे एक मोठे कारण. कपॅसिटरचे डोके फुगलेले दिसले की तो गेला. तेवढ्याच मायक्रोफॅरडचा, तेवढ्याच किंवा जास्त व्होल्टचा नवा घ्यायचा, उणे बाजूची पट्टी पाहून बसवायचा. पाच-दहा रुपयांची वस्तू आहे. या एका गोष्टीने मी स्वतःला तंत्रज्ञ समजू लागले.

आता इन्व्हर्टरची गोष्ट.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात एका संध्याकाळी तो ‘टक्’ असा आवाज करून बंद पडला. दहावीची ११ मुले होती आणि परीक्षा तोंडावर. मी झाकण उघडले. आत ॲल्युमिनियमच्या पट्टीवर ओळीने आठ काळे, तीन पायांचे भाग बसवलेले होते, चार एका बाजूला आणि चार दुसऱ्या बाजूला. हे मॉस्फेट. बॅटरीचा सगळा प्रवाह यांच्यातून जातो. ते सेकंदाला शंभर वेळा आलटून-पालटून उघडझाप करतात आणि त्यातून ट्रान्सफॉर्मरमार्फत आपल्याला घरची वीज मिळते. एक मॉस्फेट फुटलेला दिसत होता. मल्टिमीटरने तपासले तर आणखी दोन आतून जोडले गेलेले निघाले. अशा भागाची दोन टोके तपासताना मीटर सतत ‘पीं’ वाजवत राहतो. निदान पक्के, असे मला वाटले. शहाद्याहून येणाऱ्या गाडीवाल्याकडून तसेच चार मॉस्फेट मागवले, एकाचे ३५ रुपये. तीन बदलले, एक शिल्लक राहिला. डाख छान बसला होता. मी तो मामांना, म्हणजे आमच्या वॉर्डनना, अभिमानाने दाखवलासुद्धा.

दहावीतला एक पावरा मुलगा शेजारी उभा राहून टॉर्च धरत होता. त्याला या कामाची ओढ आहे. मी टाळत असे तरी तो येतच असे. मी बॅटरीची लाल वायर टेकवली आणि फटाक्यासारखा आवाज झाला. निळसर ज्योत, धूर, आणि जळक्या प्लॅस्टिकचा वास. मॉस्फेटचा एक तुकडा उडून मुलाच्या डाव्या डोळ्याखाली, गालाच्या हाडावर लागला. रक्त आले. तालुक्याच्या दवाखान्यात दोन टाके पडले. डोळ्याला काही झाले नाही. डॉक्टरांनी बोटाने अंतर दाखवले, ते बोट मला अजून दिसते.

दुसऱ्या दिवशी त्याचे वडील पाड्यावरून चालत आले. मी सगळे जसे घडले तसे सांगितले. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग मुलाच्या गालाकडे पाहून मला म्हणाले, “ताई, ते मशीन तुम्हाला येत होतं ना?” माझ्याकडे उत्तर नव्हते.

शहाद्याच्या बाजारात एक वयस्कर कारागीर आहेत. सगळे त्यांना चाचा म्हणतात. रेडिओच्या काळापासून दुकान आहे. मी इन्व्हर्टर त्यांच्या टेबलावर ठेवला, तेव्हा त्यांनी झाकणाला हातही लावला नाही. आधी विचारत राहिले. बंद पडला तेव्हा लाइट होती की बॅटरीवर चालू होता? लोड काय होता? पंखा फिरत होता का? बॅटरीच्या टोकांना गंज आहे का? याआधी कुणी उघडला होता? शेवटच्या प्रश्नाला मी खाली पाहून “मीच” म्हटले.

मग त्यांनी मला जे दाखवले, ते मी जसे समजले तसे लिहिते, कारण घरचे काम आणि कारागिराचे काम यांतला फरक मला तिथे कळला. मॉस्फेट हा मेलेला भाग होता, आजार नव्हता. तो जेव्हा आतून जोडला जातो, तेव्हा त्याला उघड-मीट करायला सांगणाऱ्या छोट्या ट्रान्झिस्टरांवर आणि रेझिस्टरांवर उलटा मार बसतो. तेही मरतात, पण बाहेरून धडधाकट दिसतात. ते तसेच ठेवून नवे मॉस्फेट लावले, की त्यांना चुकीचा आदेश जातो, दोन्ही बाजू एकदम उघड्या राहतात आणि बॅटरीचे शेकडो अँपिअर एका क्षणात त्यांच्यातून धावतात. दुसरे असे, की चारांच्या रांगेत ओझे सारखे वाटले जावे लागते. त्यामुळे एकही गेला तर सगळे एकाच जातीचे आणि एकाच लॉटचे नवे घालतात. मी जुन्यांत नवे मिसळले होते. माझ्या नव्यांकडेही चाचांनी भिंगातून पाहिले आणि हसले. वरचे अक्षर घासून पुन्हा छापलेले होते. बाजारात असा बनावट माल पुष्कळ येतो, आणि तो फक्त रोज हाताळणाऱ्याला ओळखता येतो.

मूळ कारण तर तिसरेच निघाले. आतला छोटा पंखा उंदराने आणलेल्या कापसाने अडकला होता. मॉस्फेट महिनोन्‌महिने तापत होते.

आणि फ्यूज? हा प्रश्न तुमच्याही मनात आला असेल. चाचांनी फ्यूजची जागा दाखवली. तिथे फ्यूज नव्हताच. तांब्याची जाड तार गुंडाळलेली होती. आदल्या वर्षी फ्यूज उडाला तेव्हा, नवा मिळेपर्यंत म्हणून, ती आम्हीच लावली होती. मग ते राहून गेले.

त्यांनी दुरुस्तीनंतर चालू करून पाहिले ती पद्धत मी कधीच विसरणार नाही. बॅटरीची वायर त्यांनी थेट जोडली नाही. मध्ये गाडीच्या हेडलाइटचा ५५ वॅटचा बल्ब जोडला. आत काही चूक राहिली असेल तर बल्ब लखकन पेटतो आणि पाचएक अँपिअरपेक्षा जास्त प्रवाह जाऊच देत नाही. बोर्ड वाचतो, माणूस वाचतो. बल्ब क्षणभर मंद पेटून विझला तर सगळे ठीक. घरच्या विजेवर चालणाऱ्या वस्तूंसाठी असाच शंभर वॅटचा जुना पिवळा बल्ब त्यांच्या फळीवर कायमचा लावलेला आहे, त्याला ते सिरीज बोर्ड म्हणतात. चाळीस-पन्नास रुपयांची युक्ती. मी पाहिलेल्या कुठल्याही व्हिडिओत ती नव्हती, किंवा असेल तर मी घाईत पुढे सरकवली असेल.

जळून उडालेल्या पट्ट्या तांब्याच्या तारेने नव्याने बांधणे, आठही मॉस्फेट, बाकीचे छोटे भाग, पंखा आणि खरा फ्यूज मिळून १,८५० रुपये झाले. “पहिल्याच दिवशी आणलं असतं तर ताई, सात-आठशेत झालं असतं,” चाचा म्हणाले. कंपनीच्या केंद्रात विचारले होते तेव्हा त्यांनी दुरुस्तीचे नावच काढले नाही, पूर्ण बोर्ड बदलायचे ३,२०० सांगितले. नवा इन्व्हर्टर साडेसहा हजारांच्या घरात होता. भगिनींच्या प्रश्नाचे हे उत्तर. ट्रान्सफॉर्मर आणि पेटी ठणठणीत असताना नव्याचा खर्च मला पटला नाही. मात्र ट्रान्सफॉर्मरच जळला असता, तर मी नवाच घ्या म्हटले असते.

बंधूंच्या प्रश्नाचे उत्तर जरा लांबते. या प्रसंगानंतर वसतिगृहात काय उघडायचे आणि काय नाही, हे आम्ही ठरवून टाकले आहे. सौर दिवे, टॉर्च, मोबाइलचे चार्जिंग केबल, रेडिओ, म्हणजे जिथे छोटी बॅटरी आणि तीन-चार ते बारा व्होल्टचा खेळ आहे, ते घरी. त्यातही लिथियमचा सेल फुगलेला असेल तर त्याला टोचायचे नाही आणि त्यावर थेट गन टेकवायची नाही. तो पेट घेतो.

घरच्या विजेवर चालणारे काहीही आम्ही आता उघडत नाही, आणि यात एलईडी बल्बही आला. तो पाहून भीती वाटत नाही, हीच अडचण. २३० व्होल्टची वीज आत सरळ केली की कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट साठतात आणि प्लग काढल्यावरही काही वेळ राहू शकतात. स्वस्त बल्बांत तर आतल्या पट्टीपर्यंत थेट लाइनची वीज असते. मायक्रोवेव्हमध्ये हजारोंचा मामला आहे. त्याला शहरातल्या वाचकांनीही हात लावू नये. दवाखान्यातली उपकरणे, नेब्युलायझर असो वा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, ती चालू झाली एवढे पुरत नाही. ती योग्य मात्रेत चालतात का, हे मोजायचे साधन आपल्याकडे नसते.

शेतातल्या सौर पंपाबद्दल मुद्दाम सांगते, कारण आता तो बऱ्याच पाड्यांवर आला आहे. त्याच्या कंट्रोलरकडे पॅनेलच्या रांगेतून कित्येकशे व्होल्टची एकदिशा वीज येते. ऊन आहे तोवर पॅनेल बंद करता येत नाही. ही वीज तुटताना जी ठिणगी पडते ती आपोआप विझत नाही, ओढली जाते. शिवाय सरकारी योजनेतल्या पंपाची पहिली पाच वर्षांची देखभाल पुरवठादाराकडेच असते. सील तोडले की तो हात वर करतो. एका शेतकरी भावाने पुतण्याकडून कंट्रोलर उघडवून घेतला आणि फुकट मिळणारे काम पैशाचे करून बसला. अशा वेळी तक्रार लेखी द्यायची, नंबर घ्यायचा आणि मागे लागायचे. ते काम मला सोल्डरिंगपेक्षा बरे जमते.

मोबाइल आणि लॅपटॉपचे बोर्ड वेगळ्याच कारणाने घरी होत नाहीत. त्यात तांब्याच्या रेघा एकावर एक अनेक थरांत असतात आणि मुख्य चिपचे पाय तिच्या पोटाखाली बारीक गोळ्यांच्या रूपात असतात. गनचे टोक तिथे पोहोचतच नाही. गरम हवेचे यंत्र, सूक्ष्मदर्शक आणि सरावलेला हात लागतो.

पण ‘कारागीर’ म्हणजे शहरातला, पदवीवाला, असे मी म्हणत नाही. राजस्थानात तिलोनियाला बंकर रॉय यांनी १९७२ साली सुरू केलेल्या बेअरफूट कॉलेजमध्ये खेड्यांतल्या स्त्रिया, त्यांतल्या अनेक कधी शाळेत न गेलेल्या, सौर दिव्यांचे बोर्ड जोडायला आणि दुरुस्त करायला शिकतात. आफ्रिकेतल्या खेड्यांमधूनही स्त्रिया तिथे आल्या. भाषा जुळत नाही, तर रंग आणि खुणांनी शिकवतात. आयआयटी मुंबईच्या सौर दिव्यांच्या उपक्रमातही दिवे जोडायचे आणि दुरुस्तीचे काम गावातल्याच माणसांना शिकवले गेले. पण तिलोनियाचे प्रशिक्षण सहा महिन्यांचे आहे, रोज टेबलावर, समोर शिकवणारी व्यक्ती बसलेली. मी जे केले ते एका रात्रीत, परीक्षेच्या घाईत.

चांगला कारागीर कसा ओळखावा, असेही मला आता विचारतात. उघडण्याआधी प्रश्न विचारतो का ते पाहा. बदललेले जुने भाग परत मागा. देणारा माणूस सहसा खरा असतो. पैशाचा आकडा आधी सांगत असेल आणि कारण नंतरही सांगत नसेल, तर दुसरे दुकान गाठा. आणि कधीतरी “हे नाही होणार” असे म्हणणाऱ्यावर माझा जास्त विश्वास बसतो. कंपनीने दाद दिली नाही, तर केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ नावाचे पोर्टल सुरू केले आहे. तिथे काही कंपन्यांची दुरुस्तीविषयक माहिती आणि सेवा केंद्रे पाहता येतात.

त्या मुलाने परीक्षा दिली. मे महिन्यात महिनाभर तो चाचांच्या दुकानात बसला. जाण्याआधी त्याच्या वडिलांना विचारायला मी स्वतः पाड्यावर गेले होते. आता त्याला आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम करायचा आहे. तो सुटीत येतो तेव्हा दिवे तोच उघडतो, आणि टेबलाजवळ येणाऱ्या लहान मुलांना चष्मा घातल्याशिवाय उभे राहू देत नाही. आमच्या टेबलावर आता ९० रुपयांचे तीन प्लॅस्टिकचे चष्मे आणि एक सिरीज बल्ब आहे. दोन्ही पुढच्या हिशेबात तुम्हाला दिसतील.

शेवटी एक विनंती. पुष्कळ मंडळ्या प्रेमाने आमच्यासाठी जुने लॅपटॉप, यूपीएस, इमर्जन्सी दिवे पाठवतात. त्यातले बरेच बंद असतात आणि “तुमच्याकडे कुणीतरी दुरुस्त करील” अशी चिठ्ठी असते. कृपया पाठवण्याआधी एकदा कळवा. बारा व्होल्टपर्यंतचे दिवे आणि रेडिओ बंद असले तरी चालतील. लॅपटॉप तुमच्याच शहरात दाखवून, चालू करून पाठवलात तर फार मदत होईल, कारण ते कारागीर तुमच्याजवळ आहेत. बॅटरी फुगलेली कोणतीही वस्तू पार्सलने पाठवू नका, ती तिथल्याच ई-कचरा संकलन केंद्रात द्या. आणि पाठवाल त्यासोबत ती वस्तू कशी बंद पडली, हे दोन ओळींत लिहा. चाचा पहिला प्रश्न तोच विचारतात.